जी चाल आठवत नाही ती

दिवाळीनंतर दर शनिवारी रात्री जेवणं आटोपली की आम्ही तिघं वडोदऱ्याच्या दांडियाबाजारात मामांच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळायला बसतो. मामा, मी आणि शेजारच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा. तीन मिनिटांचे डाव. मध्ये लीलो चेवडोची, म्हणजे बटाट्याच्या ओल्या चिवड्याची पिशवी. त्या मुलाने कोणाचा वजीर मारला की तो उत्तरायणात पतंग कापल्यासारखा "काप्यो छे!" म्हणून ओरडतो आणि वरच्या मजल्यावरून मामी दटावते. गेल्या वेळी मी जिंकलेले तीन डाव लिहून पाठवले होते. या वेळी हरलेला एक आणि हातातून सुटलेले दोन पाठवते आहे, कारण या महिन्यात जे शिकले ते या तीन डावांत आहे.

आधी लिहिण्याबद्दल सांगते. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अशा काही मिनिटांच्या झटपट डावांत, चाली लिहून ठेवायची सक्ती नसते, तेवढा वेळच नसतो. म्हणून डाव संपला की आम्ही वहीत आठवून लिहितो. पहिल्या आठवड्यात मी फक्त जिंकलेलेच लिहिले. मामा म्हणाले, "अगं, हरलेला डाव कोण लिहिणार मग? फिशरचा हरलेला डावसुद्धा जगाने जपून ठेवलाय." १९७० साली युगोस्लाव्हियात हर्सेग नोवीला ब्लिट्झची मोठी स्पर्धा झाली. अमेरिकेच्या बॉबी फिशरने, जो पुढे जगज्जेता झाला, २२ डावांत १९ गुण मिळवले. हरला फक्त एक, सोव्हिएत ग्रँडमास्टर कोर्चनोईकडून. आणि नंतर त्याने आपल्या सगळ्या डावांच्या चाली तोंडपाठ सांगितल्या. मामा ही गोष्ट फार प्रेमाने सांगतात, दर वेळी.

आता हार. पांढरी माझ्याकडे, समोर तो मुलगा. (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.) मी प्यादं डी-४, त्याने लगेच ई-५. मी प्यादं मारलं. त्याचा घोडा सी-६, माझा एफ-३. त्याचा वजीर ई-७ वर आला. मिळालेलं प्यादं राखायला मी उंट एफ-४ ला काढला. वजिराने बी-४ वरून शह दिला, मी उंट डी-२ वर आडवा घातला, त्याने बी-२ चं प्यादं मारलं. इथे माझ्या मनात एकच, वजीर आत आलाय, आता कोंडायचा. मी उंट सी-३ खेळले. त्याने शांतपणे उंट बी-४ वर आणला. मी वजीर डी-२, त्याने सी-३ चा उंट मारला, मी वजिराने परत मारलं, आणि त्याचा वजीर सी-१ वर. मात. आठ चालींत. शेवटी वजिराऐवजी घोड्याने मारलं असतं तर ए-१ चा हत्ती शहासकट जात होता, म्हणजे तोवर सुटका उरलीच नव्हती.

सुरुवातीलाच असं प्यादं देऊन टाकण्याच्या या खेळीला एंग्लुंड गॅम्बिट म्हणतात आणि हा सापळा जुना, सगळ्यांना माहीत असलेला आहे. सहाव्या चालीला घोडा सी-३ खेळायचा. मग हत्ती बी-१ वर येऊन वजिराला पळवतो आणि पांढऱ्याचं चांगलं चालतं. पण सापळ्यापेक्षा मला वहीतली गोष्ट महत्त्वाची वाटली. लिहिताना पाचवी चाल आठवली, सातवी आठवली, मातही डोळ्यांसमोर होती. सहावी काही केल्या आठवेना. त्या मुलाला विचारून लिहावी लागली. नंतर मागचे सगळे डाव काढून पाहिले. जिथे जागा कोरी सोडली होती, तिथेच बहुतेक वेळा डाव फिरला होता. मी ती चाल पाहून खेळलेच नव्हते. समोरच्याने सोंगटी ठेवली आणि माझा हात आपोआप उठला. बघितलंच नाही ते आठवणार कसं? तेव्हापासून कोऱ्या जागेवर लाल शाईने गोल करते. कॉम्प्युटरला चूक दाखवायला सांगायच्या आधी हे गोल बघायचे, असा नेम केला आहे.

दुसरा डाव मामांशी. माझ्याकडे वजीर, त्यांचा नुसता राजा. आणि माझ्या बाजूचा फ्लॅग पडला, म्हणजे माझी वेळ संपली. मुलगा म्हणाला, हरलात. नाही. समोरच्याकडे मात करण्यापुरतं बळच नसेल तर वेळ संपूनही डाव बरोबरीत सुटतो, नुसत्या राजाने मात होऊच शकत नाही. मामा हसले, "ही तर बुर्जी झाली!" ते लहानपणी आजोबांकडून देशी पद्धतीने खेळायला शिकले. त्यात एकाचा नुसता राजा उरला की बुर्जी, आणि प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची.

हे झालं मामांच्या चावीच्या घड्याळामुळे. त्याला सेकंद वाढवून देता येत नाहीत. आता ते घड्याळ कपाटात आणि फोनवरचं घड्याळ पाटावर: तीन मिनिटं, वर दर चालीला दोन सेकंद. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही याच वेळेवर खेळतात. चालीगणिक वेळ वाढवणारं घड्याळ फिशरने काढलं आणि १९९२ साली माजी जगज्जेत्या स्पास्कीशी तो त्याच घड्याळावर खेळला, हे कळल्यावर मामांनी फारशी कुरकूर केली नाही. दोन सेकंद दिसायला थोडे आहेत, पण हात आवरायला पुरतात. लाल गोल कमी झालेत.

तिसरा डाव कालचा, नव्या घड्याळावरचा. माझा राजा डी-४, प्यादं ई-३. त्या मुलाचा राजा ई-७. बाकी पट मोकळा, चाल माझी, घड्याळात अकरा सेकंद. मी प्यादं ई-४ ला ढकललं. त्याचा राजा डी-६ वर येऊन माझ्या राजासमोर उभा राहिला आणि डाव बरोबरीत गेला. राजा ई-५ ला न्यायला हवा होता. मग हटायची पाळी त्याच्यावर येते, आणि ई-३ चं प्यादं हातची एक चाल म्हणून शिल्लक राहतं. ती हातची चाल मी गरज नसताना खर्च केली.

ही चाल मात्र मला आठवत होती. दोन सेकंद थांबून, बघून, चुकीची खेळले होते. वहीत गोल केला नाही, शेजारी फक्त "राजा आधी" असं लिहिलं. मग घड्याळ बंद करून तीच मांडणी परत लावली. मामांनी काळी घेतली. त्यांनी राजा सगळीकडून फिरवून पाहिला, चार वेळा लावली, चारही वेळा माझं प्यादं वजीर झालं. साडेअकरा वाजले होते. मुलगा म्हणाला, "मासी, आता मला पांढरी द्या," आणि मामांनी पाचव्यांदा काळा राजा ई-७ वर ठेवला.