पावती क्रमांक सतरा

कड्या अकरा. कोयंडे अकरा. बिजागऱ्या सहा. स्क्रूची दोन पाकिटं. बल्ब चार. पावतीच्या डोक्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं खर्चशीर्ष : 'प्रशिक्षण साहित्य'.

ही पावती हातात आली तेव्हा मी तिच्याभोवती लाल गोल केला, समासात 'खुलासा हवा' असं लिहिलं आणि पुढच्या पावतीकडे वळले. त्या गोलाला आता सात महिने झाले. फाईल बंद झाली, पैशांचा हिशेब जुळला. माझ्या डोक्यातून मात्र ती पावती जात नाही.

मी लहान अनुदानांचं काम बघते. आरोग्यातली विषमता कमी करू पाहणाऱ्या वस्तीतल्या गटांना आम्ही वर्षभराच्या एखाद्या कामासाठी छोटी रक्कम देतो. बाहेरच्यांना वाटतं की आमचं मुख्य काम अर्ज निवडण्याचं. निवड आठवडाभरात उरकते. वर्षाचे बाकीचे दिवस पावत्या, हजेरीपट, उपयोगिता प्रमाणपत्रं आणि स्मरणपत्रं यांत जातात.

पावत्या मला वाचता येतात, आणि याचा मला अभिमान आहे. वेगवेगळ्या महिन्यांच्या तारखा आणि पावतीपुस्तकाचे लागोपाठचे क्रमांक, म्हणजे सगळ्या पावत्या एका बैठकीत फाडलेल्या. हजेरीपटावरच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच उतारावर असल्या की सत्र झालेलंच नसतं. खरा हजेरीपट गबाळा असतो. उशिरा आलेल्या बाईचं नाव समासात कोंबलेलं असतं, कोणाचा अंगठा फिसकटलेला असतो, मांडीवरच्या पोराने एका कोपऱ्यात रेघोट्या मारलेल्या असतात. या गटाचे हजेरीपट असे होते. म्हणूनच पावती सतरा खुपली. एवढं खरं काम करणाऱ्या बायका एकाच ठिकाणी खोटं का लिहितील?

या गटाला अनुदान मिळालं तेही काठावर. आमचा अर्ज चौदा पानांचा आणि त्यात 'मांडणी व भाषा' यालाही गुण. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला होता. जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सगळ्यांत जास्त, तिथेच ती सगळ्यांत कमी मिळते, असं त्यांनी त्यात मांडलं आणि त्याला व्यस्त सेवेचा नियम म्हटलं. अनुदानांतही हाच नियम मी दरवर्षी बघते. ज्यांच्याकडे अर्ज लिहायला पगारी माणूस आहे त्यांचे अर्ज देखणे असतात, आणि देखण्या अर्जाला पैसे मिळतात. या गटाचा अर्ज हाताने लिहिलेला होता, 'अपेक्षित फलनिष्पत्ती'च्या रकान्यात एकच वाक्य : 'बायकांची उन्हाळी कमी व्हावी.' छाननीत मीच त्या रकान्याला दहापैकी तीन गुण दिले होते.

प्रकल्प साधा होता. वस्तीतल्या बायकांना उन्हाळीचा, म्हणजे लघवीच्या जळजळीचा त्रास फार, वर्षातून तीन-तीन वेळा. म्हणून आरोग्यसेविकेला बोलवून सहा माहितीसत्रं घ्यायची. सहापैकी चारच सत्रं झाली होती आणि उरलेल्या दोन सत्रांच्या पैशांत ती पावती होती. खुलासा पत्राने मागवता आला असता. पण शंका असली की मी जागेवर जाते.

गटाच्या खजिनदार मावशी साठीच्या असतील. मी पावती पुढे केल्यावर त्या गोंधळल्या नाहीत की रडल्या नाहीत.

"तुम्ही आलात ते बरं झालं ताई. आधी बघून घ्या, मग बोलू," म्हणाल्या आणि मला सार्वजनिक शौचालयाकडे घेऊन गेल्या.

वाटेत त्यांनी तिसऱ्या सत्राची हकिगत सांगितली. आरोग्यसेविका तक्ता लावून समजावत होती. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची त्याच्या कितीतरी पट लांब, म्हणून जंतू बायकांच्या मूत्राशयात पटकन पोचतात. पाणी भरपूर प्या, लघवी रोखून धरू नका. सगळं बरोबर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हा त्रास वारंवार होणाऱ्या, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेयं घेणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. तेव्हा तक्त्यावरचा सल्ला वाऱ्यावरचा नव्हता.

पण मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "पाणी पिऊ. पण मग जायचं कुठे?"

मावशी म्हणाल्या, त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. दुपारनंतर पाणी घोटभरच प्यायचं, अंधार पडल्यावर अजिबात नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि त्याबद्दल आजवर कोणीही कोणाशी बोललं नव्हतं. शौचालय होतं. पाणीही होतं. पण बायकांच्या बाजूच्या अकरा दारांपैकी एकालाही आतून कडी नव्हती. सुतळीचा फास होता, तो आत बसून एका हाताने ओढून धरायचा. नाहीतर बाहेर राखणीला कोणीतरी उभं हवं. जिला सासू, जाऊ, मुलगी असेल तिचं निभायचं. एकटी राहणारी, रात्रपाळीहून परतणारी, दिवस गेलेली नवी सून पहाटेपर्यंत कळ काढायच्या. आणि गरोदरपणात हा संसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं.

मावशींनी मला पहिल्या दारात उभं केलं. "आत जा. लावून बघा."

मी आत गेले. दाराचं लाकूड खालून कुजलेलं, वरच्या फळीला जुन्या खिळ्यांची भोकं. एका भोकात सुतळीचा काळपट तुकडा अजून अडकलेला होता, हातांच्या घामाने कडक झालेला. त्याच्या वीतभर वर नवी कोरी कडी. सरकवल्यावर कोयंड्यात खट्कन बसली. मी दोन्ही हात मोकळे सोडून उभी राहिले. बाहेरून मावशी म्हणाल्या, "आता ढकलते हं," आणि त्यांनी दार जोरात ढकललं. हललं नाही.

मग त्यांनी वही दाखवली. शाळेची चौरेघी वही. उभ्या रकान्यांत बायकांची नावं, आडव्या ओळींत आठवडे. सूर्य मावळल्यावर पाणी प्यायलं तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. कड्या बसवायच्या आधीच्या पानांवर फुल्याच फुल्या. नंतरच्या पानांवर खुणा वाढत गेलेल्या. काही नावांपुढे मात्र शेवटपर्यंत फुलीच.

"या बायका?"

"त्या लांबच्या गल्लीतल्या. वाटेवर दिवा नाही. बल्ब चारच झाले ना पैशांत."

बदल करण्याआधीची स्थिती अशी नोंदवून ठेवा, असं त्यांना आम्ही कधी सांगितलं नव्हतं. आमच्या अहवालाच्या नमुन्यात रकाने होते सत्रांची संख्या, उपस्थिती आणि वाटलेली पत्रकं. त्या वहीने संसर्ग कमी झाल्याचं सिद्ध होत नाही. मधल्या काळात ऋतू बदलला होता, नोंद करणाऱ्या बाईला खूश करायलाही कोणी 'प्यायले' म्हणू शकतं. पण आजार कुठून येतो ते त्यांनी शोधलं होतं, आमच्या एकाही तक्त्यात नसलेलं. आरोग्यातला जो फरक टाळता येण्याजोगा, अनावश्यक आणि अन्यायकारक असतो त्याला विषमता म्हणायचं, ही आरोग्य-विषमतेच्या अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांची व्याख्या आमच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलेली आहे. त्या अकरा दारांना तिन्ही शब्द लागू होते.

"आम्हाला आधी का नाही विचारलंत?" मी विचारलं. विचारताना आवाज चढला होता, हे कबूल करते.

"पत्र पाठवलं होतं ताई. सहा आठवडे वाट पाहिली. मग थंडी संपत आली. उन्हं वाढली की त्रास वाढतो."

कार्यालयात परतून आवक नोंदवही काढली. पत्र आलं होतं. त्याला क्रमांकही पडला होता. पुढे ते कोणाच्याच टेबलावर पोचलं नव्हतं.

आता नियम. एका खर्चशीर्षातून दुसऱ्या खर्चशीर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम वळवायची तर लेखी पूर्वपरवानगी लागते. वस्तू आणि दुरुस्तीवर खर्च मुळात चालत नाही. हे कलम तीन वर्षांपूर्वी मी लिहिलं, कारण त्याआधीच्या वर्षी एका गटाने 'लेखनसाहित्य' म्हणून मोबाईल घेतला होता.

लेखा विभागातल्या सहकाऱ्यांना मी वहीची छायाचित्रं दाखवली. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्यासारखं नीट काम करणारी माणसं कमीच भेटतात. ते म्हणाले, "मॅडम, मला पटतंय. पण आज कड्या पटल्या म्हणून सोडल्या, तर उद्या न पटणारं कोणत्या तोंडाने अडवू? शिवाय त्यांनी शीर्ष चुकीचं लिहिलंय. 'दुरुस्ती' लिहिलं असतं तरी खरं लिहिलं असतं."

मी त्यांना जॅक गायगर यांची गोष्ट सांगितली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये, माउंड बायू इथल्या आरोग्यकेंद्रात हे डॉक्टर कुपोषित मुलांसाठी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून द्यायचे आणि त्याचं बिल औषधांच्या खर्चात टाकायचे. वरून आक्षेप आल्यावर त्यांनी उत्तर दिलं की कुपोषणावरचं औषध अन्नच आहे. त्या केंद्राने विहिरी आणि संडासही बांधले. सहकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या औषधाच्या शीर्षाखाली अन्न बसलं. आपल्या 'प्रशिक्षण साहित्या'त कडी कशी बसवू, सांगा. मी बसवतो."

मला सांगता आलं नाही. तिथेच मी बोलायला हवं होतं, की ती कडी म्हणजेच पाचवं आणि सहावं सत्र. चार सत्रांत जे शिकवलं ते त्या कडीशिवाय कोणालाच पाळता येत नव्हतं. ही वाक्यं मला दुसऱ्या दिवशी सुचली. तोवर टिपणी समितीकडे गेली होती. समितीने खर्च अमान्य केला, रक्कम परत मागवली. हरवलेल्या पत्राचा उल्लेख मी टिपणीत केला होता. इतिवृत्तात तो आला नाही. वर्षानुवर्षं पत्रकं छापून गठ्ठ्याने पडू देणाऱ्या संस्थांचे हिशेब आम्ही बिनशर्त मंजूर करतो, कारण पत्रकांना शीर्ष आहे. याचा मला संताप येतो आणि तो मी बैठकीत दाखवला नाही, याचाही.

रक्कम आठ दिवसांत परत आली. सोबत एक यादी होती. कोणत्या घराने किती वर्गणी दिली, घरासमोर सही किंवा अंगठा. यादी खरी होती. समासात नावं कोंबलेली होती. लांबच्या गल्लीतल्या, वहीत शेवटपर्यंत फुली असलेल्या बायकांचीही नावं त्यात होती.

त्यानंतर मी कलम बदलण्याचा प्रस्ताव दिला. अनुदानाचा एक ठरावीक भाग 'कामाच्या ओघात सापडलेल्या गरजे'साठी मोकळा ठेवायचा. आधी खर्च करा, पंधरा दिवसांत दोन ओळींत कळवा, वस्तू आणि दुरुस्ती दोन्ही चालेल. अर्जाची पानं चौदावरून चार करायची आणि 'मांडणी व भाषा'चे गुण काढून टाकायचे. प्रस्ताव दोन बैठकांत विषयपत्रिकेवर होता, दोन्ही वेळा वेळेअभावी राहिला.

गेल्या आठवड्यात मावशींचं पत्र आलं. या वेळी आवकवरून मी स्वतः घेऊन आले. 'चौथ्या दाराची कडी निखळली आहे. लाकूड कुजल्यामुळे स्क्रू धरत नाहीत, फळी बदलावी लागेल. या वेळी खर्च करण्याआधी विचारत आहोत. कोणत्या शीर्षाखाली टाकावं ते कळवावे.'

पत्र टेबलावर आहे. नियमाप्रमाणे उत्तर एका ओळीचं आहे : प्रकल्पाचा कालावधी संपला आहे. ती ओळ मी अजून टाईप केलेली नाही. मंगळवारी समितीची बैठक आहे. विषयपत्रिकेत माझा प्रस्ताव शेवटून दुसरा होता, तो मी पहिला घ्यायला लावला आहे आणि त्याला हे पत्र जोडलं आहे.