सावनेरचा इको पार्क: यंत्रांआधी छत बघा

नागपूरहून कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या मागे टाकल्या की साधारण 40 किलोमीटरवर सावनेर. तिथल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या इको पार्कमध्ये भूमिगत कोळसा खाणीची प्रतिकृती आहे. बहुतेक मंडळी यंत्रांसमोर फोटो काढून निघतात. खाणीचा खरा खेळ छताचा आणि हवेचा. तो समजून गेलात तर तासभर कमी पडेल.

आपल्याकडच्या खाणींत बहुतेक ठिकाणी कोळसा गाळे पाडून काढतात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. दोन खांबांमधल्या छताला साधारण दीड मीटर खोल भोक पाडायचं, आत सिमेंट किंवा रेझिनची कॅप्सूल सरकवायची, मग लोखंडी सळई, शेवटी प्लेट आणि नट. हाच छताचा बोल्ट. वरचे सुटे थर एकमेकांना बांधले जातात. प्लेट छताला घट्ट टेकली नसेल तर बोल्ट नुसता लटकलेला, कामाचा नाही. म्हणून खाणीत आधी सळईने छत ठोकून बघतात: खणखणलं तर बरं, पोकळ वाजलं तर थर सुटलाय.

हवेसाठी वर मोठा पंखा, खाली जोडीने दारं. दोन्ही एकदम उघडली की हवा जवळचा रस्ता धरते आणि लांबच्या मुहाड्यावर, म्हणजे कोळसा तोडतात त्या टोकाला, मिथेन वायू साचतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की स्फोटाला ठिणगी पुरते. खऱ्या खाणीतल्या पांढुरक्या भिंती शोभेच्या नाहीत. कोळशाच्या धुळीचा स्फोट पसरू नये म्हणून चुनखडीची भुकटी मारतात.

खाणकामगाराच्या कमरेचा सेल्फ-रेस्क्यूअर (विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत श्वास घ्यायचं उपकरण) दिसला तर कोणत्या प्रकारचा, ते विचारा. फिल्टरवाला फक्त कार्बन मोनॉक्साइड अडवतो, ऑक्सिजन देत नाही.



खऱ्या खाणीत उतरायचं असेल तर परवानगी आधी काढा, सोबत ओळखपत्र ठेवा. सुती कपडे आणि बंद बूट घाला. चप्पल चालत नाही. काडेपेटी, बिडी, मोबाइल वरच ठेवावे लागतात, त्यात हुज्जत घालू नका. आत दमट उकाडा असतो. दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी प्रतिकृतीच बघावी. वेळ आणि सुट्टीचा वार निघण्याआधी फोनवर विचारा. मे महिना टाळा. परतताना आदासा गावचं गणपतीचं देऊळ जोडता येतं, फक्त चतुर्थीला नको. गर्दीत गाडी लावायलाच वेळ जातो.