तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हरच्या पोटात कुठली भाषा?

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात इंजिनिअरिंगची पोरं इंटर्नशिपला येतात आणि आठवड्याच्या आत विचारतात, "सर, एनजिनएक्ससाठी स्क्रिप्टिंगला कुठली भाषा घ्यायची? पायथन चालेल ना?"

एनजिनएक्स म्हणजे वेब सर्व्हर, ब्राउझरला पानं पुरवणारा. मी उलट विचारतो, स्क्रिप्ट सर्व्हरच्या आत चालणार की बाहेर? पीएचपी-एफपीएमसारखी (पीएचपीच्या स्क्रिप्ट चालवणारा वेगळा प्रोग्राम) बाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणार असेल तर हाताला सवय असेल ती घ्या. तिथे फार डोकं लावू नका.

आत शिरायचं असेल तर मात्र थांबा. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये मॉड-पर्ल नावाच्या जोडभागाने अख्खी पर्ल भाषा सर्व्हरच्या पोटात घातली. सीजीआय या जुन्या पद्धतीसारखी दर रिक्वेस्टला नवी प्रोसेस नको, वेग आला. पण एकेक चाइल्ड प्रोसेस मेमरी खाऊन फुगायची. एनजिनएक्सचं गणित आणखी नाजूक. एकच वर्कर, म्हणजे त्याची एक कामकरी प्रोसेस, हजारो कनेक्शन सांभाळतो, रविवारच्या मिसळीच्या हॉटेलातल्या वेटरसारखा. इथे रस्सा, तिथे जादा पाव. तो एका टेबलाच्या पापडासाठी भटारखान्याच्या दारात उभा राहिला की सगळा हॉल ताटकळतो.

मी तो वेटर उभा केलेला आहे. कांद्याचे भाव दाखवणारी छोटी साइट होती. एनजिनएक्सच्या आत चालणारी, ल्युआ नावाच्या छोट्या भाषेतली स्क्रिप्ट दुसऱ्या सर्व्हरकडून भाव आणायची, आणि मी त्यात साधी ल्युआसॉकेट, उत्तर येईपर्यंत थांबून राहणारी नेटवर्कची लायब्ररी, वापरली. ऑफिसात झकास चालली. लिलावाच्या सकाळी पलीकडचा सर्व्हर मंदावला आणि ज्यांना भावाशी घेणंदेणं नव्हतं त्यांचीही पानं उघडेनात. लॉगमध्ये एरर नाही. दुपारपर्यंत मी नेटवर्कला शिव्या घालत होतो! ओपनरेस्टीचं (म्हणजे ल्युआ बसवलेल्या एनजिनएक्सचं) कोसॉकेट घातलं तेव्हा सुटलो: उत्तर येईपर्यंत ते त्या स्क्रिप्टची कोरूटिन (मध्येच थांबवून पुन्हा चालू करता येणारं काम) बाजूला ठेवतं, वर्कर मोकळा.

चूक माझी होती, ल्युआची नाही. आत शिरायला मी अजूनही तीच घेतो. 1993 मध्ये ब्राझीलमध्ये, रिओच्या विद्यापीठात जन्मलेली ही भाषा दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये बसवायला सोपी, इंटरप्रिटर किलोबाइटमध्ये मोजावा एवढा, कोरूटिन भाषेतच. अ‍ॅरे म्हणजे यादी, 0 ऐवजी 1 पासून मोजते म्हणून पोरं कुरकुरतात. (आजी कैऱ्या शून्यापासून मोजायची का?) खरी खोच वेगळी आहे: ओपनरेस्टीतलं ल्युआजिट, म्हणजे ल्युआचं वेगवान इंजिन, ल्युआ 5.1 आवृत्तीच्या घरातलं, त्यामुळे 5.3 वर शिकलेले इंटिजर (पूर्णांकांचा वेगळा प्रकार) तिथे शोधू नका. नुसते हेडर (रिक्वेस्ट-उत्तराच्या डोक्यावरची माहिती) बदलायचे असतील आणि जावास्क्रिप्ट येत असेल तर एनजेएस, म्हणजे एनजिनएक्समधली जावास्क्रिप्टही पुरे.

आणि पायथन? चालेल की. बाहेर बसवा.