आयपी पत्त्यातलं पुढचं शून्य

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१. त्यातलं पुढचं शून्य बाहेरगावाहून फोन लावताना लागतं, बाकी कोड तोच राहतो. आयपी पत्त्यात, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या आकडी पत्त्यात, मात्र शून्यानं किंमतच बदलते. उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात रकाने सरळ दिसावेत म्हणून कुणी सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) १९२.१६८.०१०.०२० लिहिलं, की सी भाषेतलं जुनं आयनेट-एटॉन (inet_aton, लिहिलेला पत्ता वाचणारं फंक्शन) शून्यानं सुरू होणारे भाग अष्टमान, म्हणजे आठच्या पायातले, धरून १९२.१६८.८.१६ करतं. एरर नाही, काही नाही. सर्व्हर भलत्याच मशीनचं दार ठोठावत बसतो. ०८ लिहिलं तर नाकारतं, कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही. त्यातल्या त्यात तेच बरं!

त्याच कामाचं नवं फंक्शन आयनेट-पीटॉन (inet_pton) चार दशमान भागच मागतं. पण पुढच्या शून्यावर ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) नकार देतं, तर काही सिस्टिम्स ते मुकाट्यानं दशमान धरतात. म्हणून पुढच्या शून्याची तपासणी आपल्याच कोडमध्ये, सगळ्यात आधी.

मग गेट-अ‍ॅडर-इन्फो (getaddrinfo, पत्ता किंवा नाव दोन्ही घेणारं फंक्शन) वापरा, ‘न्यूमेरिक होस्ट’ (फक्त आकडी पत्ता घे) फ्लॅग लावून. फ्लॅग विसरलात तर टायपो केलेला पत्ता नाव समजून डीएनएसकडे (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे) जातो आणि सर्व्हर सुरू होताना अडकतो. ‘%’ लावून इंटरफेस (नेटवर्कची जोडणी) दिलेले लिंक-लोकल, म्हणजे फक्त त्या जोडणीपुरते चालणारे, पत्तेही इथंच निभतात. आयनेट-पीटॉन ते घेत नाही.

पत्त्यामागचा पोर्ट (मशीनवरच्या सेवेचा क्रमांक) वेगळा काढताना कोलनवर तोडू नका. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) पत्त्यात कोलन असतातच, म्हणून तो चौकटी कंसात मागा: [::१]:८०८०. आणि ‘व्ही६-ओन्ली’ (फक्त आयपीव्ही६ जोडण्या घ्यायची सेटिंग) स्वतः सेट करा; लिनक्सवर ते मुळात बंद असतं, विंडोजवर चालू.