बिल आमचं आम्ही भरतो

नागपूरच्या महाल भागातलं आमचं दुकान मूळचं डीटीपीचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, रबरी शिक्के आणि हॉटेलांची मेनूकार्डं. दुकान वहिनींचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं. मी तेव्हा एका औषध कंपनीत एमआर होतो. दिवसभर डॉक्टरांच्या दाराशी बॅग घेऊन बसायचं आणि संध्याकाळी दुकानात येऊन टेकायचं, असा दिनक्रम.

मेनूकार्डं छापणाऱ्याला गावातल्या हॉटेलांचं जेवढं कळतं तेवढं तिथं रोज जेवणाऱ्यालाही कळत नाही. कुणी कोणता पदार्थ गुपचूप काढला, कुणी मटणाच्या दरावर चिकटपट्टी छापून मागितली, कुणी दराचा रकानाच कोरा ठेवायला सांगितला, म्हणजे पेनानं हवा तो आकडा घालता येतो, हे सगळं वहिनींच्या कॉम्प्युटरमध्ये तारीखवार पडून होतं. 2008 मध्ये दिल्लीत नोकरी करणाऱ्या दोघांनी मेनूकार्डं स्कॅन करून ‘फूडीबे’ सुरू केलं, पुढे त्याचंच झोमॅटो झालं. कार्डं आमच्याकडेही होती, पण घरपोच जेवण पाठवायचा धंदा आमच्या डोक्यात कधी आला नाही. वहिनींचं म्हणणं साधं होतं, “भाऊजी, कार्डावर काय छापलं ते मला माहीत आहे. ताटात काय येतं ते कुणी लिहून राहिलं का?”

दुकानात टेकणारा मी एकटा नव्हतो. एक निवृत्त बँकवाले काका, एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, जरीपटक्यातला एक कापडवाला, एमआरच्या धंद्यातले माझे दोन मित्र. सगळे खाण्याचे वेडे, आणि सगळ्यांना आपापल्या भागाची खडान्खडा माहिती. रविवारी सकाळचं दाल पकवान कुठं घ्यायचं ते जरीपटक्याच्या माणसानंच सांगावं. रमजानमध्ये मोमीनपुऱ्यात किती वाजता जायचं आणि कुठल्या हातगाडीपुढे थांबायचं, हे तिथं वाढलेल्याला विचारावं. या मंडळींचं बोलणं आम्ही टिपून घ्यायला लागलो, मग त्यांनाच लिहायला लावलं, आणि 2014 मध्ये पहिली पुस्तिका काढली. खिशात मावणारी, पिना मारलेली, काळ्या-पांढऱ्या छपाईची. सीताबर्डीच्या पुस्तकांच्या दुकानांत आणि काही पेपरवाल्यांकडे ठेवली.

पुस्तिका काढण्याआधी एकच गोष्ट ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला: जेवणाचे पैसे कोण देणार? बाहेरच्या जगात यावर बराच विचार झालेला आहे. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर कंपनीनं 1900 मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि फुकट वाटली. लोकांनी जास्त फिरावं आणि टायर झिजावेत हा हिशेब. पुढे 1920 मध्ये तिला किंमत लावली आणि नंतर नाव न सांगता जेवून येणारे परीक्षक नेमले. न्यूयॉर्क टाइम्समध्ये 1957 पासून खाद्यविभाग सांभाळणारे क्रेग क्लेबोर्न यांनी शिस्त घालून दिली की ओळख द्यायची नाही, एकाहून जास्त वेळा जायचं आणि बिल पेपरनं भरायचं. आम्ही यातलं जमेल तेवढं घेतलं. बिल आमचं आम्ही भरायचं. एकाच ठिकाणी निदान दोनदा जायचं, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. त्या ठिकाणाची ख्याती आहे तो पदार्थ घ्यायचा आणि सोबत अगदी साधा एक घ्यायचा, डाळकांदा किंवा नुसतं वरण-भात. स्वयंपाकी किती पाण्यात आहे ते या साध्या पदार्थात कळतं, असं माझं ठाम मत आहे.

ओळख न देण्याचं मात्र नागपुरात अवघड. इथं कुठल्याही भोजनालयात पाय ठेवला की गल्ल्यावरून हाक येते, “काय भाऊ, आज इकडे कसे?” म्हणून आम्ही माणसं फिरवतो. महालातला माणूस त्रिमूर्तीनगरात जातो, धरमपेठेतली बाई इतवारीत. एवढ्यानं बरंचसं भागतं.

पहिल्या पुस्तिकेपासून सगळ्यात जास्त पानं सावजीला गेली, आणि अजूनही जातात. त्याला कारण आहे. सावजी ही हलबा कोष्टी समाजाची, विणकरांची रांधण्याची पद्धत. या शहरात माग होते, 1877 मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि कापडावर जगणाऱ्या वस्त्या इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली या भागांत दाट होत्या. धंद्याला उतरती कळा लागली तशी कित्येक घरांनी पुढच्या खोलीत चार टेबलं टाकली आणि घरचा मसाला लोकांना वाढायला सुरुवात केली. म्हणून अस्सल सावजी भोजनालयाला अजूनही घराचा वास असतो. खसखस, सुकं खोबरं, धने, दगडफूल, भाजलेलं ज्वारीचं पीठ आणि एकेकाळी हमखास जवसाचं तेल. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं आणि ते सांगायचं नसतं. बाहेरगावचे लोक याचं वर्णन ‘जाळ’ या एका शब्दात उरकतात. खरं तर चांगल्या सावजीत मिरचीच्या मागे भाजल्या मसाल्याची चव येते आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळते. नुसता जाळ लागत असेल तर मसाला कच्चा राहिला आहे किंवा तिखट वरून टाकलं आहे, हे आमचे बँकवाले काका एका घासात सांगतात.

आमचे लिहिणारे त्यामुळे तिखटाला गुण देत नाहीत. तर्री वर तरंगते की रश्शात मिसळलेली आहे, भाकर ऑर्डर दिल्यावर थापली की डब्यातून काढली, खूर आणि सुंदरी (बोकडाचे पाय आणि आतडी) रोज मिळते की रविवारीच, मटण संपलं की मालक सरळ ‘संपलं’ म्हणतो की उरलेल्यावर पाणी वाढवतो, असल्या गोष्टी लिहून आणतात. पहिल्या वर्षी आम्ही तारे छापले होते. दुसऱ्या वर्षी काढून टाकले, कारण लोक तारे मोजून पुस्तिका ठेवून देत आणि मजकूर वाचतच नसत.

एक रकाना वहिनींच्या हट्टानं आला आणि आज तोच सगळ्यात जास्त वाचला जातो. बाईमाणूस एकटी येऊन जेवू शकते का? सावजी भोजनालयांत संध्याकाळनंतर बैठक बरीचशी पुरुषांची, आणि कुठं कुठं खिशातून बाटली आणणाऱ्यांची. ‘फॅमिली रूम’ची पाटी असते आणि आत कांद्याची पोती रचलेली असतात. वहिनी स्वतः जाऊन बसायच्या. वेटर त्यांना विचारतो का, की सोबतच्या पुरुषाची वाट बघतो. हात धुवायची जागा कुठं आहे. बाथरूमला आतून कडी आहे का. रात्री नऊनंतर बाहेर पडल्यावर गल्लीत दिवा आहे का. यातलं काहीही चवीबद्दल नाही, आणि त्यावरून मंडळींत वादही झाले. काकांचं म्हणणं, “आपण खाण्यावर लिहितो, कडीकोयंड्यावर नाही.” वहिनींनी एकच विचारलं, “काका, तुमच्या सूनबाई त्या ठिकाणी कधी जेवल्या आहेत का?” रकाना राहिला. पुढे दोन-तीन भोजनालयांनी पोती हलवली, हे मी अभिमानानं सांगतो.

धंदा म्हणून मात्र सुरुवातीची वर्षं कठीण होती. पुस्तिकेतून छपाईचा खर्च निघायचा आणि जेवणाची बिलं कशीबशी. पोट चालत होतं मेनूकार्डांवर, आणि खरी अडचण तिथंच होती. ज्यांची कार्डं छापायची त्यांच्याबद्दलच लिहायचं. कार्डाचे पैसे देणारा मालक काउंटरवर टेकून म्हणणारच, “आमचं जरा बरं येऊ द्या.” आधी आम्ही ठरवलं की गिऱ्हाइकांबद्दल लिहायचंच नाही. मग पुस्तिकेत गावातली चांगली चांगली ठिकाणंच दिसेनात, कारण चांगलं कार्ड छापून घेणारे बहुतेक चांगलं रांधणारेही होते. शेवटी वहिनींनी शहरातल्या मेनूकार्डांचं काम बंद केलं आणि वर्धा, भंडारा, उमरेड, चंद्रपूरकडची कामं धरली. दुकानाच्या उत्पन्नाला त्या वर्षी मोठं भगदाड पडलं. भावानं महिनाभर आमच्याशी धड बोलणं केलं नाही. पण तिथपासून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘या पुस्तिकेतल्या कोणत्याही ठिकाणाकडून आम्ही पैसे, जेवण वा काम घेत नाही’ हे वाक्य छापता आलं.

पुढे मोबाइलवर खाद्यपदार्थांचे व्हिडिओ आले आणि सगळं बदललं. चीजचा धबधबा, त्यावर लोण्याची वडी, आणि कॅमेऱ्यापुढे डोळे मिटून ‘उफ्फ’. यातले काही पोरं-पोरी खरंच मेहनती आहेत. फुटाळ्यापासून मानेवाड्यापर्यंतच्या हातगाड्या त्यांनी लोकांना दाखवल्या, आमच्या पुस्तिकेनं ते कधी केलं नव्हतं. तर्री-पोह्यांची गाडी एका व्हिडिओनं रांगेची झाल्याचं मी पाहिलं आहे. त्रास आहे तो न सांगता घेतलेल्या पैशाचा. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची नियमावली जून 2022 ची आहे, आणि जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं इन्फ्लुएन्सरसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकट जेवण, भेटवस्तू, काहीही घेतलं असेल तर ते बघणाऱ्याला स्पष्ट दिसेल असं सांगायचं. फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावात हे किती जण पाळतात ते तुम्ही स्वतः बघा.

आम्हालाही निरोप येतात. ‘टेस्टिंगला या’, ‘बार्टर करू’ (म्हणजे जेवण फुकट, बदल्यात चांगलं लिहायचं), ‘तुमचं पॅकेज काय?’ वर्धा रोडवरच्या एका नव्या रेस्टॉरंटच्या मालकानं तर मिठाईच्या डब्याखाली पाकीट ठेवून पाठवलं. वहिनींनी पाकीट परत केलं आणि मिठाईही. (मिठाई संत्रा बर्फीची होती, ती परत करताना मला जड गेलं.) त्या जागेबद्दल नंतर आम्ही लिहिलं, आमच्या पैशानं जेवून लिहिलं, आणि जेवण ठीकठाक होतं असंच लिहिलं.

वाईट लिहिल्यावर वकिलाची नोटीसही येऊन गेली. तेव्हापासून प्रत्येक बिल फाइलला लावतो. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढायची. बिलं नीट वाचण्याची सवय त्यातूनच लागली. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी पाच टक्के, आणि सेवा शुल्क मात्र बिलात आपोआप लावता येत नाही. त्याच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या सूचना तशा आहेत आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या कायम ठेवल्या. सेवा शुल्क न विचारता लावणाऱ्या जागेच्या नोंदीत ती ओळ आम्ही न चुकता छापतो.

करोनाच्या साथीबद्दल जास्त सांगत नाही. हॉटेलं 5 ऑक्टोबर 2020 ला निम्म्या क्षमतेनं उघडली, तोवर आमच्याकडे लिहायलाच काही नव्हतं. त्या काळात घरगुती डबेवाल्या बायकांची यादी काढली, ती अजून चालू आहे. त्यात मटका रोटी, म्हणजे आमच्याकडची लांब पोळी, हातावर झुलवून उपड्या माठावर टाकणाऱ्या बायांची नोंद आहे. एकीची रोटी पाहुण्यांना खाऊ घातली की लग्नाच्या ऑर्डरी तिच्याकडे आपोआप जातात.

आता आम्ही दर शनिवारी फी घेऊन लोकांना खाण्याच्या ठिकाणांवर फिरवून आणतो, आणि आज दुकानाचं निम्मं उत्पन्न या खाद्यफेरीतून येतं. डिसेंबर 2022 मध्ये मेट्रो प्रजापतीनगरपर्यंत धावायला लागली आणि चितार ओळीचं स्टेशन झालं, तेव्हापासून लोक गाडीच्या पार्किंगची चिंता न करता महालात यायला लागले. फेरीतही नियम तोच. लोक फी आम्हाला देतात, आणि आम्ही प्रत्येक ठिकाणी छापील दरानं पैसे मोजतो. सांबारवडी (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर), आलूबोंडा-तर्री, वडाभात, शेवटी सावजी. पुण्या-मुंबईचे पाहुणे पहिल्या घासाला पाणी मागतात. त्यांना पाण्याऐवजी भाताचा घास घ्यायला सांगतो.

पुस्तिकेची पुढची आवृत्ती थोडी वेगळी असेल. हॉटेलांवर लिहिता लिहिता या गावातलं सगळ्यात मोठं जेवण आमच्या वहीबाहेर राहिलं होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या रस्त्यांवर संस्था, वस्त्या, कामगार संघटना लाखो लोकांना फुकट जेवू घालतात. तिथं बिल नाही, मेनूकार्ड नाही. रामनवमीच्या शोभायात्रेतही असंच वाटप असतं. कॉलेजातल्या बाईंनी या भागाचं काम अंगावर घेतलं आहे; त्या जेवण रांधणाऱ्यांशी आदल्या रात्रीपासून बोलतात, भाजी कळमन्याच्या बाजारातून किती वाजता येते तिथपासून.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा सावजीत जागा मिळत नाही. आमदारांचे ड्रायव्हर, पीए, पत्रकार, मोर्चेकरी सगळे तिकडेच, आणि घाईत रांधलेल्या रश्शावर लिहिणं त्या घरांवर अन्याय होईल. त्या दिवसांत आम्ही शनिवारची फेरी बंद ठेवतो आणि उमरेडकडच्या मेनूकार्डांची कामं उरकून घेतो.