तूट सगळ्यांची सारखी

आरम आणि मोसम नदीकाठच्या आमच्या बागलाणात, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा तालुक्यात, तीन-चारशे वर्षं फड पद्धतीनं शेती भिजली. नदीला आडवा बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू-हरभरा. वावर आपलं असलं तरी पीक मनासारखं घेता यायचं नाही! पण बहुतेक घरांची पट्टी प्रत्येक फडात असायची. म्हणून पाऊस कमी झाला की पंच एखादा अख्खा फडच पडीक ठेवायचे, तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी यायची.

दारं धरायला, म्हणजे वावरात पाणी सोडायला, मालकानं जायचंच नाही, ते काम पाटकऱ्याचं. आमचे आबा आजही हात करून दाखवतात: एक पट्टी पुरती भिजली की फावड्यानं ओल्या मातीचा गाळा ओढून दार बुजवायचं, पायानं दाबायचं, मग पुढचं फोडायचं. पुढचं वावर भावाचं की वैऱ्याचं, हे बघायचं नाही. राखणीला जागल्या. दोघांनाही खळ्यावर धान्य मिळायचं.

विहिरी झाल्या, विजेच्या मोटारी आल्या, वर केळझर आणि हरणबारी धरणं झाली. मग डाळिंब आणि ठिबक. डाळिंबानं पैसा दिला, आमचं घर त्यावरच उभं आहे. पण डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा ज्याची बाग गेली, त्याची एकट्याचीच गेली. कुऱ्हाडीनं झाडं तोडताना बांधावर कुणी नव्हतं, हे मला अजून सलतं.

आणि हे त्या सटाणा तालुक्यात, जिथं गावानं एका मामलेदाराला देव मानलं. १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव भोसेकरांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांचा रथ निघतो, पुढं पंधरवडाभर यात्रा. कांदा, डाळिंबाचे भाव, सोयरिकी, सगळं तिथंच बोललं जातं.

तिथंच पाण्याचंही बोलणं व्हावं, असं मला मनापासून वाटतं. टंचाईच्या वर्षी धरणाच्या पाण्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, ठरवताना पडीक फडाचा जुना नियम डोळ्यांसमोर ठेवता येईल. पाळ्या कशा लागायच्या, दंड किती, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत. आबांकडून मी लिहून घ्यायला बसलोय. तुमच्या घरी कुणी फडावर राबलेलं असेल, तर तुम्हीही बसा.