शनिवारची सकाळची शाळा आणि थंडीतली गाडी

माझी शाळा गगनबावड्याच्या अलीकडे, घर कोल्हापुरातल्या फुलेवाडीत. एरवी काही वाटत नाही, पण शनिवारी सकाळची शाळा असते. म्हणजे पावणेसहाला गाडी दारातून हललीच पाहिजे. वाटेत बालिंग्यात शाळेतल्या एक मॅडम आणि पुढे कळे गावात शिपाईमामा बसतात. कोल्हापुरात असून असून थंडी ती किती, त्यासाठी गाडीची वेगळी तयारी कशाला, असं मीही समजत होतो.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी गाडी सुरूच होईना. डिझेल गाडी, दहा-बारा वर्षांची. स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. चौथ्या वेळेला एकदाचं पकडलं, तर मागून पांढरा धूर आणि गाडी अशी थरथरतेय की आरसा हलायला लागला. दुपारी तीच गाडी एका चावीत सुरू. सगळ्यांनी सांगितलं, बॅटरी गेली. मी नवीन बॅटरी घातली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

मग उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, स्टार्टर जोरात फिरतोय म्हंजे बॅटरी चांगलीच हाय की. हीटर बघितलासा काय?" डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. इंजिन गार असलं की ती उष्णता अपुरी पडते, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. मिस्त्रींनी वायर काढून मीटरची एक पिन प्लगला आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावली. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. चारातल्या दोघांवर मीटरचा आकडा हललाच नाही. दोन हीटर मेलेले, मग थरथर होणार नाही तर काय! नवीन बॅटरीचा खर्च उगीच झाला, याची हळहळ अजून वाटते.

प्लग काढायची त्यांची पद्धत मला फार आवडली. घाई नाही. इंजिन आधी गरम केलं, कडेनं गंज सोडवणारं तेल सोडलं, थोडं थांबले आणि पाना हळूहळू मागे-पुढे करत फिरवला. जबरदस्ती केली तर प्लग इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्येच तुटतो आणि मग हेड उतरवायची पाळी येते. तेव्हापासून मी चावी अर्धी फिरवून डॅशबोर्डवरची स्प्रिंगसारखी पिवळी खूण विझेपर्यंत थांबतो, मगच स्टार्टर मारतो. आधी हे इतकं साधं असूनही मी पाळत नव्हतो.

त्याच दिवशी रेडिएटरचं पाणी काढलं, तर चहासारखं लालसर. उन्हाळ्यात बोअरचं पाणी ओतलं होतं, त्याचा गंज. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण पाणी गोठू नये म्हणून मिसळतात ते कूलंट आतला गंजही थांबवतं. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. टायरची हवा सकाळी गाडी गार असताना बघतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा साधारण दीड-दोन पीएसआयनं कमी होते.

गाडी सुरू व्हायला लागली आणि खरा प्रश्न पुढे आला, तो दिसण्याचा. भोगावतीच्या काठानं पहाटे धुकं इतकं उतरतं की रस्त्याची कडाही सापडत नाही. तिघांच्या श्वासानं काच आतून धुरकट होते. मी हातानं पुसायचो, त्यानं तेलकट डाग राहून समोरच्या दिव्यांचे पट्टे दिसायचे. आता शुक्रवारी रात्री काच आतून ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसतो आणि पहाटे गाडीच्या आतल्या गरम हवेबरोबर एसीही लावतो, हवा बाहेरची घेतो. मॅडम म्हणाल्या, "थंडीत एसी?" पण एसी हवेतला ओलावा काढतो, काच दोन मिनिटांत स्वच्छ होते. धुक्यात हेडलाइट खालीच ठेवायचा. वर केला की धुकंच पांढरं चमकतं.

एवढं करूनही एका शनिवारी कळ्याच्या पुढं उसाची ट्रॉली अगदी वीस-पंचवीस फुटांवर आली तेव्हा दिसली. मागं दिवा नाही, काही नाही. मी ब्रेकवर जवळपास उभाच राहिलो. मॅडम कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत.

शिपाईमामांचा मुलगा सीझनला ऊस ओढतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, "सर, वायर टिकतच नाही, ऊस खाली करताना तुटतीया." मग मी लाल रेडियमची पट्टी आणली. रविवारी त्याच्या दारात बसलो. चिखलावर पट्टी धरत नाही, म्हणून आधी डिझेलच्या चिंधीनं लोखंड पुसलं, मग साबणाच्या पाण्यानं, मग सुकू दिलं. वर लावून उपयोग नाही, लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पट्टी झाकून टाकतं. म्हणून खाली, चाकांच्या उंचीला, दोन्ही टोकांना आणि मधे. त्याच्या दोन मित्रांनीही आपल्या ट्रॉल्या आणल्या.

पुढच्या शनिवारी कळ्याच्या पुढं धुक्यात लांबवर तीन लाल ठिपके एका रेषेत उजळले. मी गाडी हळू केली. मागच्या सीटवरून मामा पुढं वाकले आणि म्हणाले, "आपलीच हाय ती, सर."